पटका आणि चुंबळ

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या." मी म्हटलं, खडीच्या मशीनवर कसल्या आल्यात गमतीजमती? आवाज आणि धूळ, झालं की! आवाजानं माझा डावा कान नेला आणि धुळीनं खोकला दिला. तो मात्र इमानदार निघाला, अजून साथ सोडत नाही.

पण त्याच आठवड्यात माझा भाचा घरी आला. तो कुपवाडला एका कारखान्यात कामाला आहे. सांगत होता, "मामा, आमच्याकडं मशीनच्या आत हात घालायचा म्हटलं तर आधी बटण बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि वर स्वतःच्या नावाची लाल पट्टी अडकवायची. किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, साहेब आला तरी हात लावायचा नाही." मी म्हटलं, "हे आमच्याकडं दुसऱ्या लढाईच्या दिवसांतच होतं. कुलूप नव्हतं, पटका होता." तर तो पोटभर हसला. बापड्यानं पटका बघितला असेल तो लग्नातल्या फोटोत. त्याचं हसणं मला लागलं म्हणा ना, म्हणून लिहायला बसलोय.

मी मूळचा म्हसवडचा. तिकडं शेतीत काही राम नाही, म्हणून सांगलीकडं येऊन तेलाच्या इंजिनाचं काम शिकलो. लग्न झालं. बायकोचं नाव सोना. दोन पावसाळे संसार केला आणि ती तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणाले, दुसरी कर. मी म्हटलं, बघू. त्या 'बघू'वरच जन्म गेला. मलकापूरच्या पुढं डोंगराच्या अंगाला एका कंत्राटदाराची दगडाची खाण होती, तिथं इंजिनावर माणूस पाहिजे असं कळलं तेव्हा लगेच गेलो, कारण तिथं कुणाशी बोलावं लागत नाही असं ऐकलं होतं. ते खरं निघालं. नको इतकं खरं निघालं.

धंदा कसा चालायचा ते सांगतो. डोंगर फोडून दगड निघायचा, तो मशीनच्या जबड्यात टाकायचा. जबडा म्हणजे दोन जाड लोखंडी पाटे, एक जागच्या जागी, दुसरा त्याच्यावर येऊन आदळणारा. मधे दगड चिरडला की खाली खडी. ती फिरत्या चाळणीतून जायची आणि बारीक कच चाळणीखालच्या खळग्यात पडायची. हे सगळं फिरवायला एक तेलाचं इंजिन. ते भिंतीच्या अलीकडं पत्र्याच्या खोलीत असायचं, म्हणजे धूळ लागू नये. भिंतीला एक भोक, त्यातून चामडी पट्टा पलीकडं गेलेला. मी अलीकडं, माणसं पलीकडं. दिवसभर मला माणसाचं तोंड दिसायचं ते त्या पट्ट्याच्या भोकातून, आणि तेही दिसलं तर.

आता त्यातली मेख अशी. हे इंजिन बंद केलं की पुन्हा चालू करणं सोपं नव्हतं. त्याचं डोकं दिव्यानं तापवायचं, चांगलं लाल होईतो, मग हँडल घालून चाक फिरवायचं. तेवढ्या वेळात बाईमाणूस चुलीवर चार माणसांच्या भाकऱ्या बडवील. म्हणून जबड्यात दगड अडकला किंवा आतलं साफ करायचं झालं की इंजिन बंदच करायचं नाही, अशी तिथली रीत होती. पट्टा काठीनं शेजारच्या मोकळ्या चाकावर सरकवायचा. म्हणजे इंजिन चालू, पट्टा फिरतोय, पण जबडा थांबलेला. मग माणूस पहार घेऊन आत उतरायचा.

पट्टा काही शपथ घेऊन तिकडं बसलेला नसतो. थरथरीनं सरकत सरकत तो परत पहिल्या चाकावर येतो आणि जबडा चालू होतो. सखाराम नावाच्या माणसाची तशीच बोटं गेली. तो ओरडला ते मला ऐकूसुद्धा आलं नाही, माझ्या कानात इंजिन होतं. भोकातून माणसं पळताना दिसली तेव्हा मी तेल तोडून इंजिन थांबवलं. त्याला बैलगाडीतून कराडला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी आबा मुकादम मारुतीनानाला म्हणाले, "नाना, आजपास्नं आत तुमी."

मारुतीनाना हा पन्नाशीचा गडी, पहिल्या लढाईत पलटणीत जाऊन आलेला. मिशा पांढऱ्या, डोक्याला भला मोठा लाल पटका. खाणीवर माझ्याशी दोन शब्द बोलणारा तेवढा एकच माणूस. दुपारी तो माझ्या खोलीत भाकरी घेऊन यायचा, कोरड्यास अर्धं माझ्या पानात लोटायचा आणि मेसापोटेमियातल्या उन्हाच्या गोष्टी सांगायचा. त्या मला पाठ झाल्या होत्या. तरी रोज ऐकायचो.

त्या दिवशी मुकादमांनी सांगितल्यावर नाना सरळ माझ्या खोलीत आला. म्हणाला, "शिरपा, बंद कर ते."

मी बंद केलं. मागनं आबा मुकादम धावत आले. "आवं, पुन्यांदा तापवाया किती येळ जाईल! गाड्या हुब्या हायेत!"

नानानं डोक्याचा पटका सोडला, भिंतीला टेकून ठेवलेलं हँडल उचललं आणि पटका त्याच्याभोवती गुंडाळला, गाठ मारली. उघड्या डोक्यानं तो माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. टाळूवर विरळ केस होते. मग म्हणाला, "आता मी आत चाललोय. हात लावील कोन ह्याला, बगतो."

कुणी लावला नाही. लावणारच नाही. आमच्याकडं दुसऱ्याच्या पटक्याला हात घालणं म्हणजे त्याच्या अब्रूला हात घालणं, त्यावरून कुऱ्हाडी निघालेल्या आहेत. आणि पटका ठेवून माणूस घरी जाऊ शकत नाही. घरात कुणी मेलं तरच माणूस बोडक्यानं गावातून चालतो. म्हणजे आतलं काम झालं की तो पटका घ्यायला इथं येणारच, आणि स्वतःच्या हातानं सोडणार. तेव्हाच मला कळणार की जबडा रिकामा आहे. नाना हे रागानं करून बसला, पण मला ते फार पटलं. मी तीच रीत धरली. इंजिन बंद, पट्टा चाकावरनं खालीच उतरवायचा, आत बाभळीचा ठोकळा ठोकायचा. कारण जबड्याचं चाक जड असतं, अडकलेला दगड काढला की बंद मशीनसुद्धा एक घास घेतं. आणि आत जाईल त्याचा पटका हँडलवर. दोघं गेले तर दोन पटके. मुकादम कुरकुरले, तेल मिळत नाही म्हणाले, मला 'भित्रं इंजिन' असं नाव पाडलं. पाडू दे म्हटलं. बोटं तरी सगळ्यांची जागेवर राहिली.

आणि मला वाटू लागलं की आता आपल्या रीतीत काही फट उरली नाही.

एका दुपारी अशीच सफाई झाली. नाना आला, पटका सोडला, बांधला, "चालू दे रं," म्हणून गेला. मी पट्टा चढवला, दिवा पेटवून डोकं तापवलं, हँडल चाकात घातलं आणि जोर लावणार, एवढ्यात भिंतीच्या भोकातून बाईचा आवाज आला. इंजिन बंद असलं म्हणजे खाणीवर इतकी शांतता असायची की कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं. त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू आला.

"आवं, तांबडी येली. कालवड झाली. तुमास्नी पायजे हुती न्हवं कालवड?" थोडं थांबून, "तुमची आय म्हनती, कुंकू पूस. भावकीबी म्हनती. म्या न्हाई पुसायची. कवा यायचं तवा या, पर या."

हातातलं हँडल तसंच राहिलं. मी भोकाशी वाकून बघितलं. चाळणीखालच्या खळग्यात हौसाबाई एकटीच बसली होती. फावड्यानं कच ओढून घमेल्यात भरत होती. तिच्या मानेपासून वीतभर अंतरावर चाळणीचा दांडा होता. मी एक जोर लावला असता तर तो दांडा फिरला असता, पदर गुंडाळला गेला असता आणि पुढचं मला अजूनही मनात आणवत नाही.

हौसाबाई शेजारच्या वस्तीवरची. नवरा लढाईवर गेलेला, कुठल्याशा जंगलात त्याची पलटण होती. कधीपासून त्याची काही खबर नव्हती. ती रोज कच भरायला यायची हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच ध्यानात नव्हतं. आम्ही पटके मोजत होतो. बाईला पटका कुठला?

मी पळत गेलो. खळग्याच्या काठावरनंच ओरडलो. "बाई, वर या आधी! मरायचं हाय का?"

ती वर आली, पदर झटकला. "मिस्त्री, ओरडू नगा. मशीन बंद असतं तवाच मला खळग्यात उतरता येतं. मग कवा उतरू?"

"मग सांगाया नको?"

"कुनाला सांगू? मला कोन इचारतं? पटका असता तर टांगला असता म्या बी."

तिच्या हातात चुंबळ होती. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची वळलेली, घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची ती. मी म्हटलं, "ही चुंबळ घमेल्याला लागतीच न्हवं?"

"तिच्याबिगर डोस्कं फुटंल की."

"मग खळग्यात उतरायच्या आधी ही माझ्या हँडलवर अडकवायची. वर आलीस की स्वतःच्या हातानं काढायची. तोवर इंजिन हलायचं न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं, थट्टा करतोय की काय म्हणून. मग घमेलं उचलून गेली. दुसऱ्या दिवशी चुंबळ आली. हँडलवर अशी नीट बसली, की जणू त्याच्यासाठीच वळली होती.

पण मागनं नाना आला पटका घेऊन. चुंबळ बघितली आणि जागच्या जागी थांबला. "ही कुनाची?"

मी सांगितलं.

"बाईची चुंबळ? आन् माजा पटका तिच्यावर ठेवू?"

"नाना, आत जाईल त्याची खूण. बाई मानूस न्हाई व्हय?"

"मानूस हाय. पर पटका पटका असतोय, शिरपा. काढ ती."

"तिची ती काढील."

"न्हाई काढत?"

"न्हाई."

नानानं पटका हँडलवर न ठेवता इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या आऱ्यात गुंडाळला आणि निघून गेला. त्या दुपारी भाकरी घेऊन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं येऊन पटका ठेवायचा, काम झालं की सोडायचा, तोंडातून अक्षर नाही. एकाच खाणीवर रोज समोर येऊन एखाद्या माणसानं न बोलणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मेसापोटेमियाचं ऊनसुद्धा मला हवंसं वाटायला लागलं. कोरड्यास तर घशाखाली उतरायचं नाही. मी किती वेळा मनात म्हटलं, एवढ्यासाठी कशाला ताणलंस? एक वेगळी खुंटी ठोकली असतीस! पण हँडल एकच होतं, आणि ज्यानं इंजिन चालू होतं त्यावरच खूण पाहिजे. त्याला माझा इलाज नव्हता.

मग मला एकच सोबत राहिली, सफाईच्या वेळची. इंजिन बंद झालं की खळग्यातून हौसाबाईचं बोलणं सुरू व्हायचं. दिवसभरात तिला तेवढीच शांत जागा होती. घरी सासू, वाटेवर बायका, खाणीवर गोंगाट. ती नवऱ्याला सगळं सांगायची. भिंत पडली, लिंपून घेतली. धाकट्याचं लगीन ठरतंय. कालवड दावं तोडतीय. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं हे मला कळत होतं. भोकापासून उठून बाहेर जायला पाहिजे होतं. नाही गेलो. उलट नाना पटका घेऊन गेला तरी मी दिवा पेटवायची घाई करत नसे, चुंबळ हँडलवर आहे ना, मग थांबायचंच. मुकादम ओरडले की मी चुंबळीकडं बोट दाखवायचो. कालवडीचं नाव काय ठेवलं, हे विचारायला माझ्या जिभेवर कितीदा तरी आलं होतं.

लढाई संपली. गावोगाव माणसं परतायला लागली, काहींच्या घरी नुसतीच खबर आली. हौसाबाईचं बोलणं तेवढं आखूड होत गेलं. एक दिवस तर ती नुसतीच बसून होती, फावड्याचाही आवाज नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सफाई चालू असताना तिचा दीर बांधावरनं धावत आला. त्याला धाप लागली होती. "वैनी! वैनी, दादा आला! टेसनावनं चालत आला, घरी हाय!"

मी भोकातून बघितलं. ती खळग्यातून वर कशी आली ते तिलाच ठाऊक. घमेलं पालथं पडलं, फावडं तिथंच. ती बांधावरनं पळत गेली, पदर मागं उडत होता. सगळी खाण हात थांबवून बघत होती. मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणाला खोली इतकी रिकामी वाटली, की मी इंजिनाला टेकून उभा राहिलो.

हँडलवर चुंबळ तशीच होती.

आबा मुकादम आत आले. "पेटव रं दिवा. येळ झाला."

"चुंबळ हाय, आबा."

"काढ की! ती गेली घराकडं, समद्यांनी बघितलं."

"बघितलं. मी बी बघितलं. पर तिची चुंबळ ती काढील."

"आरं, खुळा हायस का? खळग्यात काळं कुत्रं न्हाई!"

मी खळग्यात उतरून बघून आलो. खरंच कुणी नव्हतं. तरी म्हटलं, "आबा, आज समद्यांना ठावं हाय म्हनून काढली, की उद्या एकाला वाटलं म्हनून काढतील. मग ह्या चुंबळीला चिंधीची बी किंमत न्हाई."

मुकादम तापले. रस्त्याचं काम अडलंय, गाड्या रिकाम्या उभ्या आहेत, मालक आले तर उद्या तुला कामावर ठेवायचे नाहीत, सगळं ऐकवलं. मी ऐकून घेतलं. नोकरी गेली तर जायचं कुठं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हसवडच्या घराला कुलूप होतं.

तेवढ्यात नाना आला, काम आटोपून, पटका घ्यायला. मुकादमांचं ओरडणं त्यानं ऐकलं होतं. त्यानं चाकाकडं हात नेला, मधेच हँडलवरच्या चुंबळीकडं बघितलं. हात मागं घेतला. आणि पटका तसाच चाकावर ठेवून, बोडक्या डोक्यानं, तो खोलीच्या दारात उंबऱ्यावर बसला. मुकादमांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा नानाच्या टाळूकडं, आणि कपाळाला हात लावून निघून गेले.

दिवस मावळायला आला तेव्हा नाना उठला आणि तसाच गावाकडं निघाला. म्हातारा भर रस्त्यानं बोडका गेला. वाटेत लोक हातातलं टाकून विचारत होते म्हणे, "नाना, कोन गेलं वो?" नाना म्हणाला, "गेलं न्हाई कोन. आलंय." हे मला मागाहून कळलं.

सकाळी हौसाबाई आली. कपाळाला ठसठशीत कुंकू. मागं नवरा, नुसता हाडांचा सापळा, पायात पलटणीचे बूट, एका पायानं लंगडणारा. ती खोलीत आली, हँडलवरची चुंबळ काढली.

"मिस्त्री, माज्यापायी लय खोळंबा झाला न्हवं?"

"कसला खोळंबा, बाई."

ती जायला वळली, आणि थांबली. हळूच म्हणाली, "तुमास्नी ऐकू येत हुतं काय, मी बोलायची ते?"

"इंजिनाच्या आवाजात कुठलं ऐकू येतंय!" मी म्हटलं.

ती हसली. इंजिन तेव्हा बंद असायचं हे तिलाही माहीत होतं. मग चुंबळ काखेत घेऊन ती नवऱ्यामागनं बांधावरनं गेली. पुन्हा खाणीवर आली नाही. माझी नोकरी गेली नाही, मालकांना दुसरा मिस्त्री मिळत नव्हता इतकंच. कच भरायला दुसरी बाई आली, तीही चुंबळ अडकवायची, आता कुणी काही म्हणायचं नाही. ती गप बसून काम करायची.

सफाईच्या वेळी मग खाणीवर नुसती शांतता. एरवी आवाजानं डोकं उठायचं, आता या शांततेनं उठायला लागलं. मी भोकाशी बसायचो, सवय म्हणून. अशाच एका दुपारी, का ते सांगता येणार नाही, मी तोंड उघडलं. मी म्हटलं, "सोना, कालवडीचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघ."

आणि मग थांबता येईना. किती वर्षांचं साठलं होतं. सिद्धनाथाच्या यात्रेत तुला पाहिजे होत्या त्या बांगड्या मी घेतल्या नाहीत. ताप चढला तेव्हा तू पाणी मागत होतीस आणि मी वैद्याला आणायला गेलो होतो, परत आलो तर तू... हे सगळं मी त्या पट्ट्याच्या भोकाला सांगत बसलो. डोळ्यातनं पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही. बोलून झालं तेव्हा ध्यानात आलं, बाहेर पहारीचा आवाज केव्हाचाच थांबलाय.

वळून बघितलं. उंबऱ्यावर पाठमोरा नाना बसला होता, बोडका. काम कधीच उरकलं होतं. शेजारी फडक्यात भाकरी होती. मी घाईनं डोळे पुसले आणि दिव्याकडं हात नेला.

नाना मागं न बघताच बोलला, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

"हूं दे रं सावकाश. माजा पटका हाय अजून चाकावर."